करार संपला म्हणून महागाई भत्ता संपत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गोव्यात डिचोली औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या कारखान्यात ११० कायम कामगार आहेत. युनियनबरोबरचा तीन वर्षांचा करार ३१ मार्च २०२५ ला संपला. त्यातलं महागाई भत्त्याचं कलम असं: अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक, पाया २००१ बरोबर १००, ३०० च्या वर प्रत्येक पॉइंटला १२ रुपये, तिमाहीच्या सरासरीवर. एप्रिलमध्ये नोटीस बोर्डावर कागद लागला, की करार संपल्यामुळे भत्ता मार्चच्या आकड्यावर गोठवला आहे. आता बोलणीच्या टेबलावर मॅनेजमेंटने दोन पर्याय ठेवलेत. एकतर आजचा भत्ता ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये टाकायचा, त्यावर ६०० रुपये ठोक घ्यायचे आणि निर्देशांक विसरायचा. नाहीतर निर्देशांक ठेवायचा, दरही तोच १२ रुपये, पण यापुढे २०१६ च्या मालिकेवर, म्हणजे २०१६ बरोबर १०० धरलेल्या निर्देशांकावर. सोबत ऐकवलं की तुमचा पगार किमान वेतनापेक्षा जास्त आहे, वसाहतीत दुसरं कोणी असा भत्ता देत नाही आणि कंपनीला परवडत नाही. वर तुमचे दोन सहकारी मे महिन्यात निवृत्त होताहेत. कायदा काय म्हणतो, आणि सही करावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तुमचा भत्ता आजही चालू आहे, कागदावर दिसत नसला तरी. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम १९ प्रमाणे कराराची मुदत संपली तरी करार आपोआप मरत नाही. कोणीतरी तो संपवण्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्या नोटिशीनंतरही दोन महिने तो बांधील राहतो. त्यापुढचा टप्पा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध डी. जे. बहादूर या निकालात स्पष्ट केला. संपवण्याची नोटीस दिली, तिची मुदतही उलटली, तरी जुन्या कराराच्या अटी सेवाशर्ती म्हणून चालूच राहतात. नवा करार होईपर्यंत किंवा न्यायाधिकरणाचा निवाडा येईपर्यंत मध्ये पोकळी नसते. तुमच्या एचआरने ‘करार संपला, कलम संपलं’ असं ज्या ठामपणे सांगितलं, तसंच सांगताना मी अनेकांना ऐकलं आहे. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर, हा निकाल ठेवला की त्यातले बहुतेक जण आवाज खाली आणतात.

दुसरी गोष्ट त्या नोटीस बोर्डावरच्या कागदाची. भत्ते हा विषय त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. म्हणून त्यात कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा तर कलम ९-ए खाली आधी २१ दिवसांची रीतसर नोटीस द्यावी लागते. आधी गोठवून मग कळवणं म्हणजे नोटीस नव्हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कागदावर जावक क्रमांक नाही आणि युनियनला प्रत दिल्याचीही नोंद नाही. तो कागद जपून ठेवा. तो त्यांनी स्वतःच तुमच्या हाती दिलेला पुरावा आहे.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण सध्या सगळीकडे गोंधळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तुमचा भत्ता गोठला तो एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे जुन्या कायद्याखाली. त्यामुळे त्या कृतीची वैधता जुन्याच कलमांवर तपासली जाईल. पुढच्यासाठी आकडे लक्षात ठेवा: ९-ए ची जागा आता कलम ४० ने घेतली आहे, थकबाकी वसुलीच्या ३३-सी ची ५९ ने, आणि वाद चालू असताना सेवाशर्ती न बदलण्याचं जुनं कलम ३३ आता ९० आहे. सांगाडा तोच आहे. खरा फरक दाराशी पडला आहे, त्यावर खाली लिहितो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, तो म्हणजे गणित. भत्त्याचे खटले मी पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात बरीच वर्षं चालवतो आहे. त्यात हरलेली बाजू कायद्यापेक्षा गुणाकारात जास्त वेळा हरली आहे.

निर्देशांकाचा पाया दर काही वर्षांनी बदलतो. निर्देशांक काढणाऱ्या केंद्राच्या लेबर ब्युरोने तो १९६० च्या पायावरून १९८२ वर नेला तेव्हा जोडगुणक, म्हणजे नवा आकडा जुन्या पायावर आणायला ज्याने गुणायचं तो, ४.९३ होता, १९८२ वरून २००१ ला ४.६३, आणि २००१ वरून २०१६ ला २.८८. ऑगस्ट २०२० चा निर्देशांक ३३८ होता आणि सप्टेंबरचा आला ११८.१. महागाई एका रात्रीत उतरली नव्हती, फक्त मोजपट्टी बदलली होती. ११८.१ ला २.८८ ने गुणा, ३४० येतात. म्हणजे नव्या मालिकेतला एक पॉइंट हा जुन्या मालिकेतल्या जवळजवळ तीन पॉइंटांएवढा मोठा आहे.

हे डोक्यात ठेवून कंपनीचा दुसरा पर्याय पुन्हा वाचा. ‘दर तोच, १२ रुपये.’ ऐकायला किती सरळ वाटतं! मार्च २०२२ चा निर्देशांक १२६ होता, मार्च २०२५ चा १४३. नव्या मालिकेत वाढ १७ पॉइंटांची. त्याला १२ ने गुणलं तर महिन्याला २०४ रुपये वाढ होते. तेच १७ पॉइंट २.८८ ने गुणले तर जुन्या मालिकेतले ४९ होतात आणि वाढ होते ५८८ रुपये. त्याच तीन वर्षांत, त्याच महागाईला, एका माणसामागे महिन्याला ३८४ रुपयांचा फरक पडतो. ११० माणसांचा हिशेब तुम्हीच करा. नवी मालिका घ्यायला माझी हरकत नाही, उलट ती घ्यावीच. पण मग दर १२ नाही, ३४ रुपये ५६ पैसे हवा. तो दर लिहायला कंपनी तयार नसेल, तर तिला मालिका बदलायची नसून भत्ता कापायचा आहे, असंच मी समजेन.

सध्याची थकबाकीही याच रीतीने काढा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च २०२५ चे आकडे १४३.२, १४२.८ आणि १४३. सरासरी १४३, जुन्या पायावर ४१२. ३०० वजा जाता ११२ पॉइंट, भत्ता १,३४४ रुपये. तुमच्या पगारचिठ्ठीवर हाच आकडा गोठला आहे. जुलै ते सप्टेंबर २०२५ ची सरासरी काढली तर ती जवळपास १४७ येते, जुन्या पायावर ४२३. भत्ता हवा १,४७६. म्हणजे त्या तिमाहीवरच्या भत्त्यात दर महिन्याला १३२ रुपये कमी मिळाले. रक्कम मोठी नाही, आणि म्हणूनच कामगार गप्प बसतात. पण भत्ता पायऱ्यांसारखा असतो. खालची पायरी काढली की वरच्या सगळ्याच खचतात.

आणखी एक आकडा सांगतो. तो मॅनेजमेंटच्या ‘तुम्हाला महागाईची भरपाई पुरेपूर मिळते’ या म्हणण्यावर उपयोगी पडेल. तुमच्यातल्या ज्याचा पगार १६,००० आहे, त्याला ४१२ निर्देशांकावर एका पॉइंटची पूर्ण भरपाई द्यायची तर जवळपास ३९ रुपये लागतील. तुम्हाला १२ मिळतात. म्हणजे महागाईने खिशातून शंभर नेले तर भत्ता एकतीस परत आणतो. बाकीचे एकोणसत्तर तुम्ही फोंड्याच्या किंवा साखळीच्या बाजारात स्वतःच सोसता. न्यायालयं सगळ्यांना शंभर टक्के भरपाई देत नाहीत, हे मात्र खरं. कलकत्ता ट्रामवेजच्या १९५० च्या दशकातल्या निकालापासून भूमिका अशी आहे की पूर्ण भरपाई साधारणपणे अगदी खालच्या थरातल्या कामगारालाच. त्यामुळे दर वाढवून मागताना ३९ मागू नका. २० मागा आणि त्याचा हिशेब दाखवा.

ठोक ६०० च्या पर्यायाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पहिल्या करारापुरता तोट्याचा नाही. मागच्या तीन वर्षांत वाढ ५८८ झाली ती हळूहळू. इथे ६०० पहिल्याच महिन्यापासून मिळतात. तरुण कामगारांना हे आवडणार आणि त्यांना दोष देता येत नाही. पण चौथ्या वर्षी काय? निर्देशांकाशी असलेली गाठ एकदा सुटली, की पुढच्या प्रत्येक करारात शून्यापासून भीक मागितल्यासारखं मागावं लागतं. न्यायाधिकरणाकडून नव्याने निर्देशांकी भत्ता मिळवणं हे असलेला टिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. असलेल्या भत्त्याला संरक्षण आहे. नव्या मागणीला कंपनीची ऐपत, त्याच भागातल्या त्याच धंद्यातल्या कारखान्यांशी तुलना, सगळ्या गाळण्यांतून जावं लागतं.

‘स्पेशल अलाउन्स’ या नावालाही होकार देऊ नका. महागाई भत्ता भविष्य निर्वाह निधीत आणि ग्रॅच्युइटीत धरला जातो, आणि इतर नावांचे भत्ते बाहेर ठेवण्याचा खेळ वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या विवेकानंद विद्यामंदिर निकालात सरसकट सर्वांना मिळणारे भत्ते भविष्य निधीसाठी वेतनच ठरवले. वेतन संहितेतली नवी व्याख्याही बरीच रुंद आहे, त्यामुळे हा डाव पूर्वीसारखा चालणार नाही. तरी नाव बदललं की वीस वर्षांनी वादाला जागा राहते. मूळ पगारात मिळवतो म्हणाले तर घ्या. तिसऱ्या नावाखाली नको.

किमान वेतनाचा मुद्दा ऐकून तुमचे काही सभासद बिचकले असं तुम्ही लिहिलंय. कंपनी इथे एक खरा निकाल चुकीच्या जागी वापरते आहे. १९९९ मध्ये एअरफ्रेट कंपनीच्या कर्नाटकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की किमान वेतन हा एकच संपूर्ण आकडा आहे. मालक एकूण त्याहून जास्त देत असेल तर सरकारने अधिसूचित केलेला बदलता भत्ता वेगळा मागता येत नाही. गोव्यात कामगार आयुक्त निर्देशांकावरून जो बदलता भत्ता जाहीर करतात, तो तुम्ही वेगळा मागितला असता तर हे उत्तर बरोबर होतं. तुम्ही तो मागतच नाही. तुमचा हक्क करारातून आला आहे आणि कराराचा पैसा किमान वेतनाच्या वर असणारच, नाहीतर करार करायचा कशाला? सरकारी नोकरांच्या भत्त्याचंही तसंच. त्याचं सूत्र वेगळं, पाया वेगळा. करोनाच्या काळात सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचा भत्ता जानेवारी २०२० ते जून २०२१ गोठवला, तेव्हा आपल्याकडच्या काही कारखान्यांनीही तो आदेश दाखवून हात आखडता घेतला. त्या आदेशाचा खासगी कराराशी काही संबंध नव्हता. त्याच न्यायाने सरकारी भत्ता वाढला म्हणून तुमचाही वाढावा, हा युक्तिवाद तुम्हीही करू नका.

‘परवडत नाही’ याला कायद्यात जागा आहे, हे मान्य करायला हवं. १९५७ च्या क्राउन अॅल्युमिनियम निकालात न्यायालयाने म्हटलं की वेतनरचना कधीच खाली येऊ शकत नाही असं नाही. मात्र किमान वेतन देता येत नसेल तर धंदा चालवण्याचा हक्कच नाही, हेही तिथेच सांगितलं. तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा निकाल १९९१ चा, रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या मद्रासच्या कारखान्याचा. तिथेही स्लॅबने चढणारा जुना महागाई भत्ता काढून टाकायचा होता. न्यायाधिकरणाने कंपनीचं ऐकलं, उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही ऐकलं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. खरी आर्थिक ओढाताण सिद्ध झाल्याशिवाय वर्षानुवर्षं चाललेली भत्त्याची रचना कामगारांच्या तोट्यात बदलता येत नाही, असं ठरलं. किमान वेतन मोजताना मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपणाची तरतूद यांसाठी पंचवीस टक्के धरावेत, हे प्रसिद्ध वाक्य त्याच निकालातलं. लोकांना ते वाक्य आठवतं, पण तो खटला महागाई भत्त्याचा होता हे विसरतात. तो पूर्ण वाचा, सभेत वाचून दाखवा.

ओढाताण सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे. नुसता ताळेबंद जोडून भागत नाही, त्यातल्या आकड्यांवर साक्ष द्यावी लागते आणि उलटतपासणी सोसावी लागते. आमच्या खाणपट्ट्यात २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी बंद पडल्या, तेव्हा ओढाताण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तुमच्या कारखान्यात मागच्या वर्षी नवी शेड उभी राहिली असं तुम्हीच लिहिलंय. आणि ‘वसाहतीत कोणी देत नाही’ ही तुलना नवा भत्ता ठरवताना येते, चालू भत्ता बंद करायला नाही.

आता कुठलं दार ठोठवायचं ते. सीमेपलीकडे, सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या युनियनवाल्यांचा सल्ला तुमच्याकडे फिरतो आहे, की अनुचित कामगार प्रथेची तक्रार थेट औद्योगिक न्यायालयात टाका. तो महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, तो गोव्यात लागू नाही. खाणीवर किंवा मुरगाव बंदरात काम करणाऱ्यांसाठी केंद्राची यंत्रणा आहे. तुमच्यासाठी राज्याचे कामगार आयुक्त. दोन कामं वेगवेगळी करा. थकबाकीसाठी कराराच्या आधारे रक्कम मोजून मागणारा अर्ज, जो पूर्वी ३३-सी च्या दुसऱ्या उपकलमाखाली होता. हा अर्ज वसुलीसारखा असतो. हक्क आधीच ठरलेला असावा लागतो, तिथे नवा हक्क मिळत नाही. १९९४ च्या गणेश राझक निकालापासून कंपन्यांचे वकील हेच पहिल्यांदा म्हणतात. तुमचा हक्क करारात लिहिलेला आहे, आणि त्या कलमाचा अर्थ लावणं न्यायालयाच्या कक्षेतच येतं. दुसरं काम म्हणजे नव्या दराची मागणी, ती समेटातून. पूर्वी समेट फसला की सरकार वाद न्यायाधिकरणाकडे पाठवेपर्यंत महिनेच्या महिने जात. नव्या संहितेत कोणतीही बाजू स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते, पण समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत. ही तारीख युनियनच्या कार्यालयात भिंतीवर लिहून ठेवा. संपाचा विचार असेल तर आता सगळ्याच कारखान्यांना १४ दिवसांची नोटीस लागते. माझं मत विचाराल तर या वादात संप नको. कागद तुमच्या बाजूने आहे.

एका धोक्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. कुंडईच्या एका कारखान्यात दोन युनियन होत्या. एक भत्त्यासाठी लढत होती, दुसरीने समेट अधिकाऱ्यासमोर ठोक रकमेवर सही केली. समेटाच्या कारवाईत झालेला करार सगळ्यांना बांधतो, विरोध करणाऱ्यांनाही आणि उद्या भरती होणाऱ्यांनाही. लढणाऱ्यांना ते कळलं तेव्हा शाई वाळली होती. आता तर ५१ टक्के सभासद असलेली युनियनच एकटी वाटाघाटी करणार. सभासद नोंदवही आजच तपासा, वर्गणीच्या पावत्या पूर्ण करा.

आणि पगारचिठ्ठ्या. फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या खटल्यात कराराचं जोडपत्रच गायब होतं. कंपनी म्हणाली, भत्ता आम्ही मर्जीने देत होतो, सूत्र असं नव्हतंच. वाळपईकडचा एक फिटर साक्षीला आला. प्लास्टिकच्या पिशवीत अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या, तिमाहीनुसार सुतळीने बांधलेल्या. प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या चिठ्ठीमागे शिसपेन्सिलीने त्या वेळचा निर्देशांक, खाली वजाबाकी, खाली गुणाकार. पुढच्या बाजूला कंपनीने छापलेला आकडा. चव्वेचाळीस तिमाह्या, चव्वेचाळीस वेळा उत्तर जुळत होतं. कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत पाच-सहा चिठ्ठ्या पाहिल्या आणि खाली बसला. तुमच्या ११० जणांकडून २०२२ पासूनच्या चिठ्ठ्या गोळा करा. मोबाइलवर फोटो काढाच, पण मूळ कागद फेकू नका.

नव्या करारात भत्त्याचं कलम लिहिताना मालिकेचं नाव, पायाभूत वर्ष, अखिल भारतीय की गोवा केंद्राचा निर्देशांक, कोणत्या महिन्यांची सरासरी कोणत्या पगारात, अपूर्णांक कसा धरायचा, आणि ‘पाया बदलल्यास लेबर ब्युरोच्या जोडगुणकाने रूपांतर करून याच दराने भत्ता चालू राहील’ हे वाक्य, एवढं असायलाच हवं. शेवटी ‘मुदत संपल्यानंतरही नवा करार होईपर्यंत हे कलम लागू राहील’ हेही घाला. कायद्यात ते आहेच, पण करारात लिहिलेलं असलं की एचआरला नोटीस बोर्डाची आठवण होत नाही.

मे महिन्यात निवृत्त होणाऱ्या दोघांचं काम सगळ्यात तातडीचं आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, आणि त्या पगारात भत्ता १,३४४ धरायचा की त्या तिमाहीचा खरा आकडा, यावर प्रत्येक सेवावर्षामागे फरक पडतो. अंतिम हिशेबाच्या कागदावर त्यांना ‘माझे सर्व देणे मिळाले, कसलीही मागणी उरली नाही’ असं छापून सही मागतील. रक्कम घ्यावी, नाकारू नये. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावं: ‘महागाई भत्त्याच्या थकबाकीचा व त्यावरील ग्रॅच्युइटीच्या फरकाचा हक्क राखून.’ त्याच दिवशी त्या कागदाची प्रत घ्यावी, आणि शक्य झाल्यास त्याच आठवड्यात दोघांनाही पाटोला घेऊन या.